कच्च्या रोग्यांनी घरीच थांबावे

डॉक्टर बापूरावांच्या दवाखान्यात त्या आठवड्यात तीन माणसं आली. पहिल्याला पोस्टाचा रस्ता विचारायचा होता. दुसऱ्याला शिडी हवी होती. तिसरा मात्र खरोखरीचा रोगी होता. तो बाकावर बसला, त्याने जीभही बाहेर काढली, पण तेवढ्यात त्याला कळलं की सरकारी दवाखाना पुढच्या गल्लीत आहे आणि तिथे औषध फुकट मिळतं. जीभ आत घेऊन तो निघून गेला.

हे सगळं समोरच्या ओट्यावरून उत्तमराव गुरुजी पाहत होते. गुरुजी म्हणजे बापूरावांचे सख्खे मामा. बापूराव लहानाचे मोठे झाले ते त्यांच्याच घरात. चौतीस वर्षं वाशीमच्या शाळेत शिकवून गुरुजींनी पेन्शन घेतली, त्याला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत चुकलेला पाढा त्यांच्या कानावर पडला नव्हता, आणि त्यामुळे त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

संध्याकाळी बापूराव म्हणाले, "मामा, संक्रांतीपर्यंत वाट बघतो. नाहीच जमलं तर खांडव्याला जाईन. सासऱ्यांनी तिथे एक जागा बघून ठेवली आहे."

आतल्या घरात गिरजाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. मामींना पोटचं मूल नव्हतं. होता तो हा एक भाचा, तोही खांडव्याला निघालेला.

"तू कुठेही जायचं नाहीस," गुरुजी म्हणाले. "तू फक्त नाडी बघ. बाकीचा दवाखाना मी बघतो."

"मामा, रोगी कोणी आणायचा नसतो. तो आपणहून येतो."

"मुलंही आपणहून शाळेत येत नाहीत, बापू. चौतीस वर्षं मी काय केलं असं तुला वाटतं?"

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी दवाखान्याचा कारभार हाती घेतला, आणि ही बातमी कळताच गल्लीने सल्ल्यांचा कारभार हाती घेतला. शेजारचे मदनसिंग, पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, म्हणाले, "मास्तर, डागदरच्या दारात घोडा पायजे. घोडा बांधला का लोकाले वाटते, याले कोठून तरी बलावनं येऊन राह्यलं." घोडा कोण आणणार, यावर ते काही बोलले नाहीत. नथ्थू न्हावी गुरुजींची दाढी करता करता म्हणाला, "तुमचा भाचा लय गोड बोलते, गुरुजी. डाक्टर कसा पायजे, त्याले पाहूनच अर्धा ताप उतरला पायजे."

गिरजाबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. "दार सताड उघडं ठेवता, मग लोकाले दिसते का आत कोणी नाही. दार लोटून घ्या अन् बाहेर चपला मांडा."

गुरुजींना हा सल्ला पटला. बिनखर्चाचा सल्ला त्यांना नेहमीच लवकर पटत असे. त्यांनी घरातल्या जुन्या-नव्या सहा जोड्या दवाखान्याच्या पायरीशी मांडल्या. अर्ध्या तासात मदनसिंग डोक्याला पंचा गुंडाळून, चेहरा पाडून आले आणि हलक्या आवाजात विचारू लागले, "कधी गेले? अन् कोन गेलं?" त्यांच्या मागे गल्लीतले आणखी आठजण उभे होते. बंद दार आणि बाहेर चपलांची रांग, याचा वाशीमात दुसरा अर्थच होत नव्हता. सगळ्यांना समजावून परत पाठवलं तेव्हा पायरीवर चारच जोड्या उरल्या होत्या, आणि गेलेल्या दोन्ही जोड्या नव्या होत्या.

गुरुजींनी तो अपमान गिळला. पण खरा मार्ग सापडला तो सोमलामुळे.

सोमला मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा. थंडीतापाने हुडहुडत आला, बरोबर बायको रुपाबाई आणि तीन पोरं. बापूरावांनी त्याला तपासलं, मिक्श्चरची बाटली भरून दिली, बाटलीला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवली, एक खूण म्हणजे एक डोस असं नीट समजावून सांगितलं आणि विचारलं, "समजलं?"

"समजलं," सोमला म्हणाला.

दाराशी गुरुजी बसले होते. वर्गातून येणाऱ्या 'समजलं' या शब्दाची किंमत चौतीस वर्षांत त्यांना नेमकी कळली होती. त्यांनी सोमलाला थांबवलं. "काय समजलं?"

"बाटली हालवाची."

"मग?"

सोमलाने बराच विचार केला. "मंग ठेवून द्याची."

गुरुजींच्या अंगावर, कितीतरी दिवसांनी, काटा उभा राहिला. त्यांनी सोमलाला समोर बसवलं, रुपाबाईला बसवलं, पोरांनाही बसवलं, आणि छडीअभावी हातात बापूरावांची मोजपट्टी घेऊन शिकवायला सुरुवात केली. 'बाटली हलवा, एक खूण प्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ, भाकर खाल्ल्यावर.' सोमला दर वेळी भाकरीपाशी अडखळायचा. रुपाबाई पदराआड हसायची. पण तिन्ही पोरांनी मात्र चौथ्या खेपेला ते असं पाठ केलं, की गुरुजींनी डोळे मिटून घेतले आणि नुसतं ऐकत राहिले.

आठ दिवसांनी सोमला ठणठणीत होऊन आला. बरोबर आणखी नऊ आजारी माणसं होती. "मास्तर, औषध राहू द्या, या पोरायनं जीव खाल्ला," तो म्हणाला. "दुपार झाली का तांड्यावरची सारी पोरं माह्या भवती गोल करून वरडतात, बाटली हालवा, बाटली हालवा. घेतल्याशिवाय सोडतच नाही."

त्या दिवसापासून दवाखान्याचं रूप पालटलं. सकाळी आठाला घंटा होऊ लागली. सतरंज्यांवर रांगा लागल्या. पहिली रांग तापाची, दुसरी खोकल्याची, तिसरी पोटाची. खरजेची मंडळी बाहेर ओट्यावर, अंतर ठेवून. गुरुजी हजेरी घेत. नाव पुकारलं की रोग्याने हात वर करून 'हजर' म्हणायचं. ज्याचा हात वर होत नसे, त्याला बापूराव आधी बघत. सोबत आलेल्या पोरांना गुरुजी औषधाचा पाठ शिकवत, आणि मोठ्या माणसांना घरी ती पोरं शिकवत.

शिवाय बरं झाल्यावर दाखला मिळे. ही कल्पना सर्वस्वी गुरुजींची. नाव, गाव, रोग, बरा झाल्याची तारीख, आणि शेवटी एक रकाना 'वर्तणूक'. खाली शाईने उठवलेला गोल शिक्का. ज्या माणसांना उभ्या जन्मात कोणी कागद दिला नव्हता, आणि दिला तो समन्स म्हणून, त्यांना त्या दाखल्याचं अतोनात अप्रूप वाटे. सोमलाने आपला दाखला झोपडीत देवाशेजारी लावला. त्याची वर्तणूक 'चांगली' होती.

सहा कोसांवरच्या मालेगावापासून माणसं येऊ लागली. बागाईतदार मंडळी औषधाच्या बदल्यात भाजी आणत. दुसऱ्या रांगेतली गोजराबाई माळीण रोज टोपलीभर वांगी आणून टेबलावर ठेवी, आणि बापूराव नको म्हणायला संकोचत. सलग अठरा दिवस वांगी खाल्ल्यावर गिरजाबाईंनी विचारलं, "त्या पोटवाल्या रांगेत एखादी आंब्याची बाग नाही का?"

एक गोष्ट तेवढी बिघडली. शाळेत गैरहजर मुलाला आणायला गुरुजी चार दांडगी मुलं पाठवत असत. तीच चाल त्यांनी इथे लावली. मदनसिंगांचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला आणि ते औषधाला आले नाहीत. गुरुजींनी तापाच्या रांगेतले चारजण पाठवले. त्यांनी हवालदारांना खाटेवरून उचललं आणि भर गल्लीतून हातापायाला धरून आणलं. तीस वर्षं मदनसिंगांनी लोकांना धरून आणलं होतं. त्यांना कोणी धरून आणण्याची ही पहिलीच वेळ.  औषध घेतलं, पाठ म्हटला आणि निघून गेले. तेव्हापासून त्यांनी गुरुजींशी बोलणं टाकलं.

आणि मग जिनाची गोष्ट निघाली. गावाबाहेरच्या कापसाच्या जिनात हंगामाला दोनशे मजूर असत. शेठजींना त्यांच्यासाठी कायमचा डॉक्टर हवा होता. पगार दरमहा आणि बांधलेला. तो मिळाला तर खांडव्याचं नावच काढायला नको. अट एकच. अकोल्याचे सिव्हिल सर्जनसाहेब दौऱ्यावर येणार होते, त्यांनी दवाखाना बघून चांगला शेरा द्यायचा.

साहेब गुरुवारी सकाळच्या गाडीने येणार होते. बुधवारी दुपारी बापूरावांना मालेगावला एका अडलेल्या बाळंतिणीसाठी बोलावणं आलं. जाताना ते काळजीत होते. "मामा, मी तिकडून परस्पर स्टेशनवरच जाईन. साहेबांना घेऊन येतो. इथलं..."

"तपासणी माझ्यावर सोड," गुरुजी म्हणाले. "चौतीस वर्षांत शाळा तपासणारे बावीस डिप्टीसाहेब बघितलेत. एकानेही शाळेला वाईट शेरा दिला नाही."

हे अगदी खरं होतं. आणि ते कशामुळे खरं होतं, हे बापूरावांनी त्याच वेळी विचारायला हवं होतं.

बुधवारी संध्याकाळी गुरुजींनी हजेरीपट घेऊन दोन याद्या केल्या. मग सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, "उद्या तपासणी आहे. दाखला मिळालेल्या सगळ्यांनी अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आठाच्या आत हजर राहावं. कच्च्या रोग्यांनी घरीच थांबावं."

दुसऱ्या रांगेतून गोजराबाई उठली. "म्हंजे मी कच्ची?"

"खोकला गेला का?"

"नाई."

"मग कच्ची."

"तीन महिने झाले या सतरंजीवर बसून राह्यली मी. तो सोमला आठ दिवसात पास झाला, अन् मी कच्ची?"

"मिसरी लावणं सोडलं का? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, तंबाखू तोंडात घालायची नाही."

 गोजराबाई टेबलाजवळ गेली, सकाळी ठेवलेली वांगी परत टोपलीत भरली आणि चालू पडली.

गुरुवारी दवाखाना बघण्यासारखा झाला होता. गिरजाबाईंनी रांगोळी काढली होती, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. सतरंज्यांवर एक्केचाळीस माणसं बसली होती, केस तेलाने चपचपीत, गालांवर तजेला. पहिल्या रांगेत सोमला लाल पागोटं बांधून बसला होता. पोरं भिंतीशी ओळीने. दवाखान्यात कोणी कण्हत नव्हतं, कोणी कुंथत नव्हतं. गुरुजींचं मन भरून आलं.

बैलांची दमणी दाराशी थांबली. आतून सिव्हिल सर्जनसाहेब उतरले. स्थूल, गळ्याला लोकरी गलपट्टा, आणि दोन शब्दांमागे एकदा खोकणारे. मागून बापूराव. घंटा झाली. एक्केचाळीस माणसं एकदम उभी राहिली आणि म्हणाली, "नमस्ते."

बापूरावांनी रांगांवरून नजर फिरवली, आणि त्यांचा चेहरा तापाच्या रांगेत बसवण्यासारखा झाला.

साहेबांनी सोमलाला पुढे बोलावलं. जीभ बघितली, डोळे बघितले, छातीला नळी लावली. "काय होतंय?"

"काही नाई, साहेब."

"मग आलास कशाला?"

"तपासनीले."

दुसरा पोटाच्या रांगेतला होता. "दुखत होतं, साहेब," तो आनंदाने म्हणाला. "आता गोटा खाल्ला तरी जिरते." तिसऱ्याने साहेबांना आपले दंड दाबून बघायला सांगितलं. सातव्या माणसानंतर साहेबांनी नळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली.

"डॉक्टर," ते म्हणाले, "एकतीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ दवाखाने बघितले. रोगी नसलेले बघितले, डॉक्टर नसलेलेही बघितले. पण मला दाखवायला गावातली धडधाकट माणसं गोळा करून बसवलेला दवाखाना आजच बघतोय. तुमच्याकडे खरे रोगी येतच नाहीत, असं मी लिहू का?"

 साहेबांच्या कारकुनाने दौतीत टाक बुडवला. आत दाराआड गिरजाबाईंनी पदर तोंडाला लावला. गुरुजींना दिसत होतं ते एकच: स्टेशन, खांडव्याची गाडी, आणि खिडकीशी बापू.

ते पुढे झाले. हात आपोआप जोडले गेले. "चूक माझी आहे, साहेब. डॉक्टरांना यातलं काही ठाऊक नाही. आजारी माणसं पुष्कळ आहेत. मी त्यांना घरी बसवलंय."

"का?"

"तपासणीला कच्चे बसवत नाहीत," गुरुजी म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं होतं, आणि मोठ्याने ऐकल्यावर ते त्यांना मुळीच चांगलं वाटलं नाही.

साहेब काही बोलणार, इतक्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. त्या उबळीला बाहेरून दुसऱ्या खोकल्याने उत्तर दिलं. मग तिसऱ्याने. मग दारात गोजराबाई उभी राहिली, आणि तिच्यामागे तेवीस माणसं, कोणी कांबळं पांघरलेलं, कोणी काठी टेकत. सगळ्यांच्या हातात आपापल्या बाटल्या-पुड्या. सगळे कच्चे सकाळपासून मदनसिंगांच्या गोठ्यात बसून होते. गोठा हवालदारांनी स्वतः झाडून दिला होता, आणि आता ते दाराच्या चौकटीला टेकून, मिशीला पीळ देत, मास्तरांची तपासणी बघत होते.

"साहेब," गोजराबाई म्हणाली, "मास्तरनं आमाले नापास केलं. तुमी पाहा अन् तुमीच सांगा."

साहेबांनी तिची छाती तपासली. ती अगदी खरी खोकत होती. "औषध घेतेस का?"

"घेतो ना. बाटली हालवा, एक खूण प्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ, भाकर खाल्ल्यावर. या तापवाल्याचं येगळं हाय, त्याले पुडी हाय, पान्यासंगं. अन् या बुढ्याले झोपाच्या वक्ती थेंब. सांगू का आनखी?"

साहेबांनी तिची बाटली उजेडात धरली. "कधी दिली होती?"

"परवा सकाळी," बापूराव घाईने म्हणाले.

साहेबांनी पट्टीवरच्या खुणा मोजल्या. मग शेजारच्याची बाटली घेतली. मग काठीवाल्याची. कधी दिली ते विचारत, एकेक करून सगळ्या बाटल्या त्यांनी खिडकीशी धरून बघितल्या. प्रत्येकीतलं औषध जिथे असायला हवं, तिथेच होतं. भिंतीशी बसलेली पोरं कौतुकाने बघत होती. अर्ध्याअधिक बाटल्यांवर त्यांचाच पहारा होता.

"अकोल्याला," साहेब सावकाश म्हणाले, "आमच्याकडे निम्मे लोक बाटली पहिल्याच दिवशी संपवतात आणि निम्मे कोनाड्यात ठेवतात. मी आजवर पट्टीबरहुकूम उतरलेली बाटली फार क्वचित बघितली आहे." ते गुरुजींकडे वळले. "मराठी चौथीत मला दोनदा घरी बसवलं होतं, मास्तर. गणितात कच्चा म्हणून. दोन्ही वेळा मी शाळेच्या खिडकीला लोंबकळून आत बघत होतो."

 गुरुजी मान खाली घालून उभे राहिले. त्यांच्या हातून घरी बसलेली कितीतरी पोरं त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढून गेली.

साहेब पुन्हा खोकले. गोजराबाईने कान देऊन ऐकलं. "हा तं माह्याच रांगेतला खोकला हाय. साहेब, मिसरी लावता का?"

"नाही," साहेब म्हणाले. जरा थांबून त्यांनी खिशातून चांदीची डबी काढली. "तपकीर ओढतो."

"मंग तेच. बसा."

सिव्हिल सर्जनसाहेब दुसऱ्या रांगेत गोजराबाईशेजारी बसले. बापूरावांनी त्यांची छाती तपासली, मिक्श्चर भरलं, पट्टी लावली आणि तपकीर बंद करायला सांगितलं. साहेब बाटली घेऊन उठले, दारापर्यंत गेले, आणि तिथे गुरुजींच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "काय समजलं?"

बापूरावांनी डोळे मिटले. साहेब वळले. "बाटली हलवा," ते म्हणाले, "एक खूण प्या. सकाळ... संध्याकाळ..."

"दुपार," भिंतीजवळची सगळी पोरं एका सुरात ओरडली.

"पुन्हा म्हणा," गुरुजी म्हणाले. आणि साहेबांनी पुन्हा म्हटलं.

साहेब गेले. शेरा काय लिहिला ते मात्र कारकुनाच्या कागदांत बंद होऊन अकोल्याला गेलं. पंधरा दिवस काही कळलं नाही. त्या पंधरा दिवसांत गुरुजींनी आपणहून कारभार सोडला आणि ते ओट्यावर दवाखान्याकडे पाठ करून बसू लागले. रोगी तसेच येत होते, घंटा गोजराबाई वाजवत होती, पण पाठ कोणी धड घेत नव्हतं. शेवटी मदनसिंग येऊन शेजारी बसले. "मास्तर," ते म्हणाले, "त्या दिवशी साहेबाले पुन्हा म्हनायले लावलं तुमी. म्या तीस वरसं साहेब लोकायले सलाम ठोकले, मले नाई जमलं." मग जरा वेळाने, "माह्या दाखल्यावर वर्तणूक काय लिहली?"

"अजून लिहिली नाही."

"मंग लिहा. चला उठा."

संक्रांतीला पाच दिवस उरले असताना अकोल्याचा लिफाफा आला. गिरजाबाई तिळाचे लाडू वळत होत्या, त्या तशाच चिकट हातांनी बाहेर आल्या. बापूरावांनी वाचून दाखवलं. जिनाच्या डॉक्टरची जागा बापूरावांना द्यावी, अशी शिफारस साहेबांनी केली होती, आणि शेठजींनी ती मान्य केली होती. दवाखान्याच्या शेऱ्यात लिहिलं होतं की येथील रोगी औषध घेतात. गिरजाबाई आत गेल्या आणि उरलेले लाडू त्यांनी बरेच मोठे वळले.

शिफारसपत्राच्या तळाशी साहेबांच्या स्वतःच्या अक्षरात दोन ओळी होत्या. 'तपकीर बंद केली. खोकला गेला. माझा दाखला पाठवावा.'

ही बातमी दुसऱ्या रांगेत गोजराबाईपर्यंत पोचली. "माह्या मागून आला अन् माह्या आंधी पास झाला," एवढंच म्हणाली, आणि कनवटीची मिसरीची पुडी काढून तिने बाहेर गटारात टाकली.

गुरुजींनी दाखल्याचा कोरा कागद घेतला, टाक नीट पुसला आणि वळणदार अक्षरात लिहायला बसले. नाव लिहिलं, गाव अकोला लिहिलं, रोग खोकला लिहिला. वर्तणुकीच्या रकान्यापाशी मात्र ते थांबले. बापूराव खांद्यावरून वाकून बघत होते. "मामा, सिव्हिल सर्जन आहेत ते," ते हळूच म्हणाले.

"दिसतंय मला," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी रकाना भरला. 'चांगली. परंतु पाठांतर कच्चे.'

मग त्यांनी शिक्का उचलला, त्यावर दोनदा हा करून फुंकर मारली, आणि तो खाली जोरात उठवला.